पायाखालचं पाणी : जुन्या पुण्यातल्या पायी फेरीची प्रस्तावना

पुणेकराला नदीची आठवण वर्षातून दोनदा होते. खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि भिडे पूल पाण्याखाली गेल्याची बातमी आली की एकदा, आणि अनंत चतुर्दशीला दुसऱ्यांदा. एरवी मुठा ही पुलावरून ओलांडायची, शक्यतो नाकावर रुमाल धरून. नाशिककर ‘गंगेवर’ जातो, वाईत कृष्णाबाईचा उत्सव होतो, काशीत तर घाटावाचून पत्ताच सांगता येत नाही. पुणेकर पत्ता सांगतो तो हौदावरून, मारुतीवरून, बोळावरून, नाहीतर कधीच बंद पडलेल्या एखाद्या दुकानावरून. नदीकाठी वसलेलं हे शहर नदीकडे तोंड करून फारसं कधी बसलंच नाही.

म्हणूनच या पुस्तिकेतली वाट पाण्याच्या मागोमाग जाते. पुण्यात इतिहासाच्या फेऱ्या पुष्कळ निघतात आणि त्यांतल्या बऱ्याचशा चांगल्या असतात. पण त्यांचा क्रम साधारण ठरलेला असतो: लाल महाल, शनिवारवाडा, एखाददुसरा वाडा, विश्रामबाग, केसरीवाडा. म्हणजे शिवाजी महाराज, पेशवे, टिळक. राज्य कुणाचं होतं ते यातून कळतं. पण कुंभार इथे आणि कागदी तिथे का बसले, पेठा याच दिशेला का वाढल्या, कुणाला पाणी दारात मिळालं आणि कुणाला ओंजळ पसरावी लागली, हे कळत नाही. पाणी धरून चाललं की ते कळायला लागतं. शिवाय पाणी पाटीवर लिहून ठेवलेलं नसतं, ते शोधावं लागतं, आणि शोधायचं म्हटलं की माणूस जरा जपून चालतो, वर-खाली बघतो.

आधी जमिनीविषयी. मुठा सह्याद्रीतून उतरते आणि नैर्ऋत्येकडून शहरात शिरून ईशान्येला संगमाकडे जाते. तिथे मुळा तिला मिळते. जुन्या गावाच्या पूर्वेला नागझरी नावाचा ओढा, तोही मुठेलाच मिळणारा. नैर्ऋत्येकडून आंबील ओढा. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला नागझरी आणि मध्ये उंचवट्यावर कसबा, हे पुण्याचं मूळ गाव. नदीकडून कसब्यात शिरताना चढ लागतो. गाडीवरून जाणाऱ्याला तो जाणवत नाही, पायी जाणाऱ्याच्या पोटऱ्यांना जाणवतो. पुराच्या वर राहायचं, पण घागर घेऊन नदी गाठता आली पाहिजे, एवढ्या साध्या हिशेबावर गावाची जागा ठरली.

हे गाव किती जुनं? आठव्या शतकातल्या राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांत ‘पुण्य विषय’ आणि ‘पुनक विषय’ असे उल्लेख येतात. ते 758 आणि 768 सालचे आहेत. विषय म्हणजे महसुली विभाग, तेव्हा त्या काळी हे निदान विभागाला नाव देण्याइतकं मोठं ठिकाण होतं. त्याच सुमाराची पाताळेश्वराची लेणी आज जंगली महाराज रस्त्यावर, म्हणजे नदीच्या पलीकडच्या काठाला, जुन्या भांबुर्ड्यात आहेत. डोंगराच्या पोटात शिरण्याऐवजी ती जमिनीत खाली खोदत नेलेली आहेत, आणि पुढच्या अंगणात नंदीचा गोल मंडप एकाच खडकातून सोडवून काढलेला आहे. काम अर्धवट राहिलेलं दिसतं. शहरातली सगळ्यात जुनी वास्तू नदीच्या त्या काठाला आणि शहर या काठाला, ही गंमत लक्षात ठेवावी. पाताळेश्वर आपल्या वाटेवर नाही. पण फेरीच्या आदल्या संध्याकाळी तिथे जाऊन बसायला हरकत नाही.

पहिली फेरी कुंभारवेशीपासून सुरू होते. इथे नदी ओलांडून माणसं गावात येत असत. पूल फार नंतरचे, आधी उतार आणि नाव. वेशीजवळ कुंभारवाडा आहे, कारण मातीकामाला गाळाची माती लागते आणि पाणी लागतं. जवळच कागदीपुरा. हातकागद करायचा तर चिंध्या कुजवायला, लगदा कालवायला आणि धुवायला वाहतं पाणी लागतं, त्यामुळे कागदी लोक नदीपासून लांब जाऊच शकत नव्हते. बुरूड आळी, भोई आळी, शिंपी आळी अशी नावं पुढे लागतील. आज यातल्या बऱ्याच आळ्यांत त्या धंद्याचं एखादंच घर उरलंय आणि काहींत तेही नाही. उंच इमारतींच्या तळमजल्यावर मोबाइलचं दुकान आणि वरच्या पाटीवर आळीचं नाव, असं दृश्य जागोजागी दिसेल. त्यावर उसासे टाकायची या पुस्तिकेला हौस नाही. गळक्या वाड्यात, चाळीस माणसांत एका संडासावर राहिलेल्या माणसाने पक्कं घर घेतलं, तर त्याला वारशाचा गुन्हेगार कोण ठरवणार?

तांबट आळी मात्र अजून वाजते. आळी दिसायच्या आधी ऐकू येते. पेशव्यांच्या काळात तांबटांना पुण्यात मागणी होती: शस्त्रं, नाणी, देवळांचे कळस, आणि घरोघरची पातेली, बंब, घंगाळी. आज बंब कुणी घेत नाही, पण तांब्याच्या बाटल्या, समया, हॉटेलांसाठीची भांडी यांवर आळी तगून आहे. इथे दहा मिनिटं उभं राहून मठारकाम बघावं. भांडं आधी ढोबळ आकारात येतं, मग चिंचेने घासून लखलखीत होतं, मग कारागीर ते लोखंडी आधारावर अडकवतो आणि गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने एकेक ठोका देत फिरवतो. प्रत्येक ठोक्याची रुपयाच्या नाण्याएवढीही नाही अशी गोल खूण उठते. तिच्या शेजारी दुसरी, ओळीखाली ओळ. कुठेही पट्टी नाही, आखणी नाही. हाताने भांडं किती फिरवायचं आणि हातोडी कुठे पडायची, हे हिशेब हातातच असतात. ठोक्यांनी नुसती नक्षी होत नाही, धातू कठीण होतो, भांडं पोचे धरत नाही. चकाकी ही वरकड मिळकत. बोलायला गेलात तर माणूस बोलेल, पण हातोडी थांबणार नाही. प्रश्न दोन ठोक्यांच्या मध्ये बसवायला शिका.

कसबा गणपती हे ग्रामदैवत, आणि त्याचं देऊळ जिजाबाईंनी बांधवलं. पुणे जहागिरीचं गाव म्हणून पुन्हा वसवलं गेलं तेव्हाची ही गोष्ट. त्याआधी 1630 च्या सुमाराला आदिलशाही सरदार मुरार जगदेवाने पुणं बेचिराख केलं आणि गाढवाचा नांगर फिरवला, असं परंपरा सांगते. नंतर सोन्याच्या फाळाने जमीन नांगरून गाव वसवलं, अशी तिची जोडकथा. सोन्याच्या फाळाने खरंच किती तास पडली कुणास ठाऊक. पण ओसाड गावात कुळं परत आणायची तर अशी काहीतरी खूण लोकांना दाखवावी लागत असणार. लाल महालाची आजची इमारत महापालिकेने विसाव्या शतकात उभारलेली आहे, मूळ वाड्याचा एक दगडही तिथे शोधू नये. 5 एप्रिल 1663 च्या रात्री शाहिस्तेखानावर छापा पडला तो याच परिसरात. इथून सुटून जाणाऱ्यांनाही नदी आणि ओढे ओलांडावे लागले असतील, एवढं मनात ठेवून पुढे चालावं.

कसब्याच्या नदीकाठाला धाकटा आणि थोरला शेख सल्ला असे दोन जुने दर्गे आहेत. तिथे पूर्वी पुण्येश्वर आणि नारायणेश्वर यांची देवळं होती, असं परंपरा सांगते. त्यावरून आजही वाद चालू आहेत. वाट त्यांच्याजवळून जाते. थांबावं, नदीच्या बाजूने जागेची उंची बघावी. देवळासाठी असो की दर्ग्यासाठी, काठावरची ती उंच जागाच माणसांनी पुन्हा पुन्हा निवडलेली आहे. वाद घालायला आपली फेरी नाही.

नागझरी ओलांडून सोमवार पेठेत गेलं की त्रिशुंड गणपती. माझ्या मते पुण्यातलं हे सगळ्यात देखणं देऊळ, आणि निम्म्या पुण्याने ते पाहिलेलं नाही. भीमगिरजी गोसाव्याने 1754 मध्ये काम सुरू केलं आणि 1770 मध्ये प्रतिष्ठा झाली. तीन सोंडा, सहा हात, वाहन मोर. मूर्ती शेंदराने माखलेली, पण सोंडा ओळखू येतात. गर्भगृहापाशी तीन शिलालेख आहेत: दोन संस्कृत, एक फारसी. पेशवाई भरात असताना पुण्यातल्या देवळात फारसी लेख असणं तेव्हा कुणाला खटकलं नाही. खाली तळघर आहे, तिथे गोसाव्याची समाधी, आणि तळघरात पाणी साठतं. नागझरी अशी जमिनीखालून देवळात येते.

पण खरी गंमत दर्शनी भिंतीवर. द्वारपाल, गजलक्ष्मी, पोपट, यक्ष अशी दाटी आहे, आणि बाजूला खाली एक पट्टा बहुतेक लोक न बघता ओलांडतात. त्यात साखळदंडाने बांधलेला गेंडा आहे आणि त्याच्याभोवती टोपीवाले, बंदूकधारी गोरे शिपाई. देवळाच्या भिंतीवर इंग्रज! प्लासीची लढाई 1757 सालची, देवळाचं काम तेव्हा चालू होतं. गेंडा म्हणजे बंगाल-आसाम, आणि त्याला साखळदंड घालणारे म्हणजे ईस्ट इंडिया कंपनी, असा अर्थ काही अभ्यासक लावतात. तो मानायचा तर पुण्यातल्या कुणा पाथरवटाने शनिवारवाड्यावर युनियन जॅक चढण्याच्या अर्धशतक आधी ही बातमी दगडात कोरून ठेवली होती. न मानायचा तरी गेंडा कोरणाऱ्याने गेंड्याची कातडी नीट न्याहाळलेली आहे, घड्या-घड्यांनी. पेशव्यांच्या शिकारखान्यातल्या गेंड्याचं 1790 साली गंगाराम तांबटाने काढलेलं चित्र आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहे. हा गंगाराम इंग्रज वकील मॅलेटच्या पदरी चित्रं काढत असे, वेरूळचीही त्याने काढली. एक गेंडा नागझरीच्या काठी दगडात, एक अटलांटिकपलीकडे कागदावर.

शनिवारवाड्याबद्दल सगळं सगळ्यांना माहीत असतं, तेव्हा थोडक्यात. 10 जानेवारी 1730 ला पायाभरणी, 22 जानेवारी 1732 ला वास्तुशांत, खर्च 16,110 रुपये. सशाने कुत्र्याचा पाठलाग केला म्हणून बाजीरावाने जागा निवडली, ही कथा अहमदाबादपासून विजयनगरापर्यंत बऱ्याच शहरांच्या नावावर आहे, तेव्हा तो ससा बराच हिंडलेला असावा. खरं कारण जागेवर उभं राहिलं की दिसतं: मूळ कसब्याला लागून, नदी हाकेच्या अंतरावर आणि तरी पुराच्या वर. 1828 च्या फेब्रुवारीत लागलेली आग कित्येक दिवस धुमसत होती. तिने लाकूड-विटांचं काम खाल्लं, दगडी जोती आणि तटबंदी तेवढी ठेवली. आज आत जाऊन निराश होणाऱ्यांनी हजारी कारंज्यापाशी जावं. कमळाच्या आकाराचं हे कारंजं उडवायला पाण्याला जोर लागतो, पंप तर नव्हते. मग जोर कुठून आला?

तिथे दुसरी फेरी सुरू होते. तिला मी हौदांची फेरी म्हणतो. पुस्तिकेत ती वेगळी ठेवली आहे, दोन्ही एकाच दिवशी उरकू नयेत.

नदी शहराच्या खालच्या अंगाला. तिचं पाणी वर आणायचं तर पखाली, कावडी आणि घागरी. उन्हाळ्यात मुठेला पाणी थोडं, त्यात कपडे धुणं, जनावरं, आणि काठावर स्मशान. लोकसंख्या पेठेमागून पेठ वाढत चाललेली. नानासाहेब पेशव्यांनी नदीला वळसा घालून डोंगराकडे बघितलं. दक्षिणेला कात्रजला तलाव बांधला आणि तिथून शनिवारवाड्यापर्यंत सुमारे आठ किलोमीटर दगड-विटा-चुन्याचा नळ जमिनीखालून आणला. काम 1750 च्या आसपासचं. नळ म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे येणारा पाइप नव्हे, बऱ्याच ठिकाणी माणूस आतून चालू शकेल एवढा बोगदा. कात्रज शहरापेक्षा उंचावर, त्यामुळे पाणी आपल्या वजनानेच येई. वाटेत ठरावीक अंतरावर उच्छ्वास ठेवले होते. उच्छ्वास म्हणजे विहिरीसारखी उभी पोकळी: तिच्यातून कोंडलेली हवा बाहेर पडे, खाली उतरून गाळ काढता येई, आणि आसपासच्यांना बादली सोडून पाणीही घेता येई. वाटेवर पाणी ज्या टाक्यांत पडे ते हौद. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद, नाना हौद. पुढे नाना फडणिसांनी सदाशिव पेठेसाठी वेगळा हौद केला, सरदार रास्त्यांनी आपल्या पेठेसाठी कोंढव्याकडून पाणी आणलं. हजारी कारंजं ज्या जोरावर उडे तो जोर कात्रजच्या उंचीचा.

मुठेच्या काठचं शहर अशा रीतीने मुठेचं पाणी प्यायचं बंद झालं. माझ्या मते पुण्याने नदीकडे पाठ फिरवायला सुरुवात केली ती इथे, सांडपाण्याच्या कितीतरी आधी. दारात हौद आला की घाट उरतो तो स्नान-संध्येला, धुण्याला आणि शेवटच्या प्रवासाला.

याच काळात आंबील ओढाही वळवला गेला. तो आधी आजच्या पेठांच्या मधूनच नदीकडे जात होता. नानासाहेबांनी तो पश्चिमेकडे, आजच्या दांडेकर पुलाच्या बाजूने मुठेत सोडला, पर्वतीच्या पायथ्याशी तळं केलं. तळ्यातला गणपती म्हणजे आजची सारसबाग, पण तळं आता मंदिराभोवतालच्या पाण्यापुरतं उरलेलं. ओढा हलला तशी सदाशिव, नारायण या पेठांना जागा मोकळी झाली. पुणेकर ज्या पेठेच्या नावाने ओळखला जातो आणि चिडवलाही जातो, ती ओढ्याला बाजूला सारून वसली आहे. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबील ओढ्याने आपल्या नव्या वाटेवरच्या वस्त्यांत शिरून भिंती पाडल्या, माणसं नेली. वाट वळवता येते, पण कात्रजच्या डोंगरावर पडणारा पाऊस वळवता येत नाही.

हौद म्हटला की तो कुणाचा, हा प्रश्न आलाच. पाणी राजाने आणलं तरी घागर कुणी बुडवायची हे जातीने ठरवलं. म्हणून हौदांच्या फेरीचा मुख्य थांबा मी गंज पेठेत, आज महात्मा फुले पेठ म्हणतात तिथे, जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या घरी ठेवला आहे. 1868 मध्ये जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी खुला केला. वाक्य वाचायला सोपं आहे. त्याची किंमत समजायची तर आधीचे पाच-सहा हौद पायी बघत, तहान लागेपर्यंत चालत तिथे पोचावं. महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह 1927 चा, म्हणजे जवळपास साठ वर्षं पुढचा.

जवळच गुरुवार पेठेत पंचहौद मिशन. चर्चचा उंच मनोरा लांबून दिसतो. 1890 मध्ये इथे एका व्याख्यानानंतर पुढे केलेला चहा पुण्यातल्या प्रतिष्ठित मंडळींनी घेतला, त्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळकही होते. गोपाळराव जोशांनी नावं छापून आणली आणि मग जे ग्रामण्य माजलं ते थेट शंकराचार्यांपर्यंत गेलं. प्रायश्चित्तं झाली. पाचच मिनिटांच्या अंतरावर एका घरी हौद खुला होऊन बावीस वर्षं झाली होती आणि इकडे चहाच्या पेल्यावरून शहर पेटलं होतं. हा विरोधाभास पुण्याइतका दुसऱ्या कुणाला शोभला असता असं वाटत नाही. महात्मा फुले मंडईही याच पट्ट्यात आहे. 1886 च्या त्या इमारतीवर इतका पैसा घालायला नगरपालिकेत जोतीरावांचाच विरोध होता.

आता पुन्हा नदीकडे, पहिल्या फेरीच्या शेवटच्या टप्प्याला. शनिवारवाड्यावरून नव्या पुलाकडे उतरावं. हा 1923 चा, आणि शंभरी उलटली तरी पुणेकरांच्या तोंडी नवाच. अधिकृत नाव छत्रपती शिवाजी पूल. दगडी कमानींचा हा पूल पाण्याच्या पातळीवरून बघावा. वरून तो नुसता रस्ता वाटतो. काठावर अमृतेश्वर आहे, बाजीरावांच्या बहिणीने, भिऊबाई जोशांनी बांधलेलं. पुढे ओंकारेश्वर: 1736 ते 1738 मधलं काम, भक्कम दगडी प्राकार, नदीच्या पाण्याला अडवून धरेल असा. चिमाजी अप्पांची समाधी इथेच जवळ आहे. वसई जिंकणाऱ्या माणसाच्या समाधीशी बहुतेक वेळा कुणीही नसतं. शेजारी बरीच वर्षं स्मशान होतं, त्यामुळे जुन्या पुणेकरांच्या मनात ओंकारेश्वर हे नाव जरा दबक्या आवाजातच येतं.

ओंकारेश्वरापाशी उभं राहून 12 जुलै 1961 समजून घ्यावा. पानशेतचं मातीचं धरण अजून पुरं व्हायचं होतं, पाऊस लागून राहिला, बांध खचू लागला. लष्कराच्या जवानांनी वाळूची पोती रचून तो धरायचा प्रयत्न केला. सकाळी बांध फुटला. ते पाणी खडकवासल्यावर आलं आणि दुपारी 1879 सालचं ते दगडी धरणही गेलं. नदीकाठच्या नारायण, शनिवार, कसबा या पेठांच्या खालच्या भागांत पाणी घरांच्या माळ्यांपर्यंत चढलं. माती आणि लाकडाचे वाडे पाण्यात भिजून बसले. काही पडले ते त्या दिवशी, काही पाणी ओसरल्यावर. पुण्यातले वाडे बिल्डरांनी पाडले असं म्हणायची पद्धत आहे. नदीकाठचे कित्येक त्याआधीच पानशेतने नेलेले होते. पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, पर्वती, एरंडवणे अशा ठिकाणी वसाहती झाल्या, आणि जुन्या पेठांतली माणसं प्रथमच इतक्या मोठ्या संख्येने पेठांबाहेर राहायला गेली. आजचं पसरलेलं पुणं घडायला त्या दिवसाचा मोठा हात आहे.

त्या पुराची एक बाजू क्वचित सांगितली जाते. खडकवासला गेलं म्हणजे शहराचं पिण्याचं पाणीच गेलं. नळ कोरडे पडले. तेव्हा लोक पुन्हा आडांकडे आणि पेशव्यांच्या हौदांकडे वळले. दोनशे वर्षांपूर्वीची व्यवस्था, विसरून गेलेली, आणि गरजेला तीच उभी राहिली. पुढे धरण दुरुस्त झालं, नळाला पाणी आलं आणि हौद पुन्हा विसरले गेले, काही बुजवले गेले.

लकडी पुलाला पहिली फेरी संपते. पानिपतानंतर 1761 मध्ये नानासाहेबांच्या हुकुमाने इथे लाकडी पूल झाला, नंतर तो वाहून गेला आणि दगडी आला. नाव लाकडीच राहिलं. कागदोपत्री तो संभाजी पूल आहे, आणि दुचाकीवाल्यांच्या पिढ्यांनी तो बंदीमुळे लांबून बघितलेला आहे. आता त्याच्या डोक्यावरून मेट्रो जाते. 2021 मध्ये या मेट्रोच्या पुलाची उंची कमी, विसर्जन मिरवणुकीचे रथ खालून जाणार नाहीत, म्हणून गणेश मंडळांनी काम अडवलं होतं. दुसरी मेट्रो सप्टेंबर 2024 पासून मुठेच्या तळाखालून मंडई-स्वारगेटकडे धावते. म्हणजे आज माणूस नदीच्या वरून जातो, खालून जातो, पात्रातल्या रस्त्यावरून आतूनही जातो. मानाच्या गणपतींचं विसर्जन मात्र नदीत न करता काठावर बांधलेल्या हौदात होतं. पुण्याचा हौदाशी असलेला संबंध असा टिकून आहे.

नदीकाठ सुधारायची मोठी योजना सध्या चालू आहे, बंधारे आणि चालायच्या वाटा होत आहेत. काठावर माणसं आली तर मला आनंदच आहे. पात्र आवळलं जाऊ नये, एवढीच धास्ती; 25 जुलै 2024 ला सिंहगड रस्त्यावरच्या सोसायट्यांत पाणी शिरलं ते फार जुनं नाही.

थोडं व्यवहाराचं. दोन्ही फेऱ्या सकाळी लवकर काढाव्यात, साडेनवानंतर लक्ष्मी रस्ता आणि फडके हौद चौक ओलांडायला इतिहासापेक्षा धैर्य जास्त लागतं. घाटाच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, चपलेऐवजी बूट घालावेत. पावसाळ्यात धरणातून विसर्ग चालू असेल तर काठ सोडून वरच्या गल्लीतून जावं, नकाशात ती वाट तुटक रेषेने दिली आहे. देवळं आणि दर्गे चालू प्रार्थनास्थळं आहेत, संग्रहालयं नव्हेत. तांबट आळीत फोटो काढण्याआधी विचारावं आणि जमलं तर एखादं भांडं विकत घ्यावं.

हौद शोधताना नकाशावर फार विसंबू नका. काही हौद झाकलेले आहेत, काहींवर बांधकाम आहे, काहींचं नाव चौकाला उरलंय आणि हौद गेलाय. ओट्यावर बसलेल्या एखाद्या आजोबांना विचारा. ते आधी विचारतील, “कशाला हवाय?” कारण सांगितलंत की समोरच्या घरातल्या दुसऱ्या आजोबांना हाक मारतील, हौद नक्की कुठे होता यावर दोघांचं वाजेल, आणि मग दोघेही चपला घालून तुमच्याबरोबर निघतील.